पुडी पकडली, सुपारी सुटली

गुटख्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, ट्रक पकडा, गोदामं सील करा, विकणाऱ्याला मकोका लावा. दुसरा म्हणतो, ज्याचं तोंड त्याचं, सरकारने कोणाच्या गालात काय आहे ते बघू नये, आणि इतक्या वर्षांच्या बंदीने हप्ते वाढण्यापलीकडे काय झालं? दोघंही तावातावाने बोलतात. विधिमंडळात लक्षवेधी लागते, मंत्री कारवाईचे आकडे वाचून दाखवतात, वाहिन्यांचा अर्धा तास निघतो, आणि बाहेर टपरीवर माल तसाच मिळत राहतो. एवढ्या भांडणात या दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर मात्र न बोलता एकमत आहे. वाद पुडीचा आहे, हे दोघांनीही गृहीत धरलंय. पुडीत काय असतं, ते गालात किती वेळ राहतं आणि तिथे काय करून ठेवतं, याच्याशी दोघांनाही देणंघेणं दिसत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रापुढचा प्रश्न गुटखा नावाच्या एका बेकायदा मालाचा नाही. सुपारी, चुना आणि तंबाखू दिवसदिवस गालात धरून ठेवण्याच्या सवयीचा तो आहे. या तिघांत तंबाखूला आपण निदान गुन्हेगार मानलं, चुन्याकडे दुर्लक्ष केलं आणि सुपारीला तर पाटावर बसवलं. सुपारी निर्दोष आहे हा समज जोवर घरातून, दवाखान्यातून आणि कायद्यातून जात नाही, तोवर बंदी कितीही कडक केली तरी ती पुडीपुरतीच राहणार. आणि या कामात हवालदारापेक्षा आशाताई जास्त उपयोगी आहे.

दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेला माणूस ठरावीक वाक्य बोलतो : ‘तंबाखू नाही हो, नुसती सुपारी खातो.’ हे सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमानही असतो. तक्रार साधीच असते. तिखट सोसत नाही, ठेचा तर सोडाच, साधी आमटीही झोंबते. महिनोन् महिने तो ‘उष्णता झाली’ म्हणून ताक पितो, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या खातो. मग गालाचं आतलं अस्तर पांढुरकं पडतं, बोट फिरवलं तर मऊ लागायच्या ऐवजी चिवट पट्टे लागतात. शिट्टी वाजेनाशी होते, गाल फुगवता येत नाहीत. निरोगी मोठ्या माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. याच्या दोन मावतात, पुढे एक. वडापावचा घास घेता येत नाही, भाकरी दुधात कुस्करून खावी लागते. डॉक्टर आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायला सांगतात आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायला लावतात. कोणाला इंजेक्शनं, कोणाला शस्त्रक्रिया. सवय सोडली तर आजार पुढे सरकण्याचं थांबू शकतं, पण एकदा आवळलेलं तोंड पहिल्यासारखं उघडत नाही.

या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. आधुनिक वैद्यकात त्याची पहिली नोंद १९५२ साली झाली, तीही केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये. माणसं समुद्र ओलांडून गेली, सवय सोबत गेली, आजारही गेला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचं वर्णन करून आज रूढ असलेलं नाव वापरात आणलं. कारण आता नीट ठाऊक आहे. सुपारीतलं अरेकोलिन अस्तराखालच्या पेशींना कोलॅजनचे तंतू जास्त तयार करायला लावतं, सुपारीतलं तांबं त्या तंतूंना घट्ट बांधणाऱ्या विकराला (एन्झाइमला) जोर देतं आणि तिच्यातली टॅनिनं ते तंतू विरघळू देत नाहीत. म्हणजे आवक वाढते आणि निचरा बंद. यात तंबाखूचा संबंध कुठे आला? केरळात अशा रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा त्यांतल्या ७.६ टक्के लोकांना तोंडाचा कर्करोग झाला. ‘नुसती सुपारी’ ती ही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली तंबाखू घातलेला विडा कर्करोगकारक ठरवला. तंबाखू नसलेला विडा आणि खुद्द सुपारी यांना तिने त्याच पहिल्या गटात टाकलं ते २००४ च्या अहवालात. मधली जवळपास वीस वर्षं सुपारीला संशयाचा फायदा मिळाला. तो काढून घेण्यात तैवानच्या पुराव्याचा मोठा वाटा होता. तिथले पुरुष, विशेषतः ट्रकचालक आणि कष्टकरी, कोवळी हिरवी सुपारी चुन्याबरोबर चघळतात, त्यात तंबाखू घालतच नाहीत. तरीही तोंडाचा कर्करोग तिथे वाढत गेला. त्यातले बरेच जण सिगारेट आणि दारूही घेतात, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. तिन्ही एकत्र आली की धोका कैक पटींनी वाढतो. पण सिगारेट आणि दारूला न शिवणाऱ्या सुपारीखोरांतही तो वाढलेला दिसतो, हे अभ्यासकांनी वेगळं काढून पाहिलेलं आहे. याच संस्थेच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२२ साली जगात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २० हजार रुग्ण धूरविरहित तंबाखू किंवा सुपारीमुळे झाले. त्यांतले ८३ हजारांवर एकट्या भारतातले.

‘हे सगळं परदेशी संशोधन, आपल्या लोकांना लागू होत नाही,’ हा आक्षेप तर थेट संसदेतून आला होता. १६ फेब्रुवारी २०१५ ला आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले. आबा गेले म्हणून तासगावच काय, सगळा महाराष्ट्र हळहळला. त्यानंतर काही आठवड्यांतच अहमदनगरचे खासदार आणि तंबाखूच्या पाकिटांवरच्या इशाऱ्याचा विचार करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष दिलीप गांधी यांनी तंबाखूमुळे कर्करोग होतो असं सांगणारा भारतीय अभ्यासच नाही, असं विधान केलं. पाकिटांवरचा इशारा मोठा करण्याचा निर्णय तेव्हा लांबला, ८५ टक्के जागेवरचा इशारा यायला एप्रिल २०१६ उजाडलं. भारतीय अभ्यास नव्हता? टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता यांच्या चमूने साठच्या दशकात पाच जिल्ह्यांतल्या ५०,९१५ गावकऱ्यांची तोंडं उघडून पाहिली होती. पुढे महाराष्ट्रातल्याच १,०१,७६१ गावकऱ्यांची तपासणी करून त्यांनी निष्कर्ष छापले, ते १९७२ साली. खासदारसाहेबांच्या विधानाच्या त्रेचाळीस वर्षं आधी. पुरावा नाही असं म्हणणाऱ्याने तो शोधलाय का, हे आधी विचारावं. आपल्याकडे बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

आता बंदीकडे येऊ. तिचा इतिहास बघितला की आपली धडपड कुठे वाया जाते ते कळतं. २००२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा आणि पानमसाल्यावर पाच वर्षांची बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण जुन्या अन्नभेसळ कायद्याखाली अन्न अधिकाऱ्याला एवढी लांब बंदी घालण्याचा अधिकारच नव्हता. मग नवा अन्नसुरक्षा कायदा आला आणि २०११ च्या नियमांनी सांगितलं की कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन असता कामा नये. त्या आधारावर मध्य प्रदेशाने आणि पाठोपाठ जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने बंदी आणली. आयुक्तांचा आदेश वर्षभरच टिकतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने निघतो. उत्पादकांनी यावर काय केलं? पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, आणि मिसळायचं काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला याही पळवाटेकडे लक्ष द्यावं लागलं. महाराष्ट्राने पानमसाला, सुगंधित सुपारी, सुगंधित तंबाखू, अगदी खर्राही आदेशात घातला. कागदावर आपल्याइतका कडक कायदा फार थोड्या राज्यांत असेल.

आणि प्रत्यक्षात? विदर्भातल्या कुठल्याही टपरीवर पाच मिनिटं उभं राहून पाहावं. भाजकी सुपारी बारीक कातरलेली असते. तिच्यावर चिमूट-दोन चिमूट तंबाखू आणि बोटाने काढलेला ओला चुना पडतो. हे सगळं प्लास्टिकच्या जाड कागदात घेऊन टपरीवाला दोन्ही तळव्यांखाली घासत राहतो, चुना सुपारीत पुरता मुरून तिला दमट चकाकी येईपर्यंत. याला खर्रा घोटणं म्हणतात. हात दुखतात म्हणून आता घोटायची यंत्रंही आली आहेत. नगर-बीडकडे याचाच भाऊ मावा. यात कोणता कारखाना आहे, कोणता ब्रँड, कोणता ट्रक? सुपारी किराणा दुकानात मिळते, साधा तंबाखू कायदेशीर आहे, चुना दोन रुपयांचा. तिन्ही वस्तू सुट्या असताना निर्दोष आणि एकत्र आल्या की गुन्हा, असा हा कायदा आहे. चुन्याचं काम तर फारच थोड्यांना माहीत असतं. त्याने मिश्रण अल्कधर्मी होतं आणि निकोटिन गालाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरतं. म्हणून तर चुना कमी पडला की गिऱ्हाईक कुरकुरतं.

बंदीच्या समर्थकांचा सगळ्यात दमदार मुद्दा मला मान्य आहे. बंदीने काहीच झालं नाही, हे खोटं आहे. प्रौढांमधल्या तंबाखू वापराच्या राष्ट्रीय पाहणीत २००९-१० साली महाराष्ट्रातले ३१.४ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, २०१६-१७ मध्ये ते २६.६ टक्क्यांवर आले. पुडी महागली, दुकानाबाहेर लटकणाऱ्या चकचकीत माळा गेल्या, आणि गुटखा ही चोरून घ्यायची वस्तू आहे एवढं तरी पोरांना कळलं. ही कमाई लहान नाही, बंदी उठवा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण त्याच पाहणीतले पुढचे आकडे वाचा. त्या २६.६ टक्क्यांत धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, आणि खाणारे, चघळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के. आधीच्या पाहणीत हेच २७.६ होते. म्हणजे सात वर्षांत जेमतेम तीन टक्क्यांची घट, जिच्या मध्यावर कडक बंदी आली. महाराष्ट्र विडी-सिगारेटचा प्रदेश नाही, चघळण्याचा आहे. आणि नुसती सुपारी खाणारा यात कुठेच मोजलेला नाही, कारण ती पाहणी मुळात तंबाखूची.

या राज्याला बंदीचा अनुभव नवा थोडाच आहे? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आठवा. मोरारजीभाईंच्या काळात तो कसोशीने राबवला गेला, आणि त्याच काळात हातभट्ट्या, फुग्यांतून पोचवली जाणारी दारू आणि हप्त्यांची साखळी मुंबईत रुजली. शेवटी सरकारलाच परवान्यांची वाट काढावी लागली. कागदोपत्री आजही दारू प्यायला परवाना लागतो, हे किती पिणाऱ्यांना ठाऊक असतं? त्या कायद्यामागची कळकळ खरी होती. घरं उद्ध्वस्त होत होती, बायका मार खात होत्या. पण तलफ कुठून येते, ती कशी सुटते, सुटताना माणसाला काय लागतं, याचा विचार यंत्रणेने केला नाही. मकोका मागणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा उघडून वाचावं. मोठ्या तस्करांना जबर शिक्षा व्हायला माझी हरकत नाही, पण त्या शिक्षेने खर्रा घोटणारा हात थांबत नाही.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा परंपरेचा. विडा आपल्या संस्कृतीत आहे, लग्नात सुपारी फुटते, पूजेत तीच गणपती होते, आणि ‘आमच्या आजीने नव्वदीपर्यंत पान खाल्लं, दात शेवटपर्यंत शाबूत होते’. यातलं बरंच खरं आहे. सुपारी चघळणाऱ्यांत दाताला कीड कमी लागते, अशी निरीक्षणंही आहेत. भरपूर लाळ सुटते, डागांचा थर बसतो, त्याचा हा परिणाम असावा. मात्र तोच कठीण तुकडा दात झिजवतो, त्यांना तडे पाडतो, आणि चुना हिरड्या सोडवतो. पूजेच्या सुपारीचं म्हणाल, तर ती कोणी गालात धरून फिरत नाही, ती तांदळावर बसते आणि विसर्जन होतं. तिला कोणी हात लावायला सांगितलेलं नाही. राहिली आजी. आजीचं पान जेवणानंतर होतं. डबा उघडायचा, अडकित्त्याने सुपारी कातरायची, पानाच्या शिरा काढायच्या, चुना-कात लावायचा, सावकाश चावून उरलेलं थुंकायचं. हा सगळा खटाटोप म्हणजेच प्रमाणाला घातलेलं कुंपण होतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुडी आली आणि तिने पान काढून टाकलं, सुपारी ठेवली, खटाटोप संपवला, किंमत रुपया-दोन रुपयांवर आणली. आता ती खिशात मावते, दिवसात दहा लागतात आणि सुरुवात सातवी-आठवीत होते. आजीच्या नावावर हा माल खपवणं हा आजीवरही अन्याय आहे. शिवाय जुन्या पानातही धोका होताच, ज्यांच्या आज्या साठीत गाल सुजून गेल्या ते लोक हा युक्तिवाद करायला येत नाहीत.

शेतकऱ्यांचा मुद्दा याहून अवघड आहे आणि तो झटकून टाकणाऱ्यांचा मला राग येतो. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. दिवेआगर, गुहागर, मुरुडच्या वाड्या पिढ्यान् पिढ्या सुपारीवर उभ्या आहेत. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, लावल्यापासून पीक हाती यायला पाच-सात वर्षं जातात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने या वाड्या आडव्या केल्या तेव्हा लोकांच्या आयुष्यभराच्या बेगमीवर पाणी पडलं. त्यांना उद्या ‘तुमचं पीक कर्करोगकारक आहे’ एवढं सांगून चालू पडणं हा उद्धटपणा होईल. पण खरं न सांगणं ही काय शेतकऱ्याची बाजू घेणं झालं? गुटख्याच्या धंद्यातला नफा कोकणातल्या वाडीपर्यंत किती पोचतो? त्या धंद्यात बाहेरून चोरट्या वाटेने आलेली, कमअस्सल, बुरशी लागलेली सुपारीही चालते, आणि नागपुरात त्यावरून तपास यंत्रणांना धावाधाव करावी लागलेली आहे. तैवानने पोफळी तोडून दुसरं पीक घेणाऱ्याला अनुदान द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे वाडीत पोफळीच्या सोबतीने नारळ, मिरी, जायफळ आधीपासून असतात. वादळानंतर पुन्हा लागवड करायची होती, तीच वेळ या पिकांना जास्त आधार देण्याची होती. पोफळ पुन्हा लावायची की नाही ते शेतकरी ठरवेल, पण दुसरा पर्याय त्याच्यासमोर पैशांसकट ठेवायला हवा.

मग स्वातंत्र्य. सज्ञान माणसाने स्वतःच्या तोंडाचं काय करायचं ते त्याने ठरवावं, हे तत्त्व म्हणून मला पटतं. पण इथे कोणाचं स्वातंत्र्य चाललंय? सुपारीतलं अरेकोलिन स्वतः व्यसन लावणारं आहे. जगात निकोटिन, दारू आणि कॅफीन यांच्यानंतर सुपारीचाच नंबर लागतो असं मानतात. ज्या पोराने तेराव्या वर्षी गोड सुपारीपासून सुरुवात केली, सोळाव्या वर्षी माव्यावर आला, त्याने सज्ञान झाल्यावर कोणता निर्णय घेतला? ऊसतोड मजूर, रात्रपाळीचा चालक, बांधकामावरची बाई हे लोक बार भरतात ते चैन म्हणून नाही. भूक मरते, झोप उडते, ओझं हलकं वाटतं. भुकेवरचं हे सगळ्यात स्वस्त औषध आहे, हे बंदीवाले विसरतात आणि स्वातंत्र्यवालेही. पहाटे चुलीपाशी बसून मिश्री लावणाऱ्या बायकांना तर आपण व्यसनी म्हणतच नाही, दात घासणं म्हणतो. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली आणि दिवस भरण्याआधीच जन्मण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. त्या बाळाच्या स्वातंत्र्याचं काय करायचं? शिवाय नुकसान तोंडापाशी थांबत नाही. निकोटिनने रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढतात, सुपारीचा संबंध मधुमेहाशी आणि हृदयविकाराशी आढळला आहे. गरोदर बाईच्या तपासणीत हिमोग्लोबिन बघतात, वजन बघतात, मिश्री लावतेस का हे किती ठिकाणी विचारतात?

सवय बदलत नाही, लोक ऐकत नाहीत, हा दोन्ही बाजूंचा आवडता निराशावाद. नारू आठवतोय? पायविहिरीत उतरून पाणी भरायचं, त्यातून पोटात गेलेला जंतू वर्षभराने पायातून हातभर लांब धाग्यासारखा बाहेर यायचा. त्यावर ना लस होती ना औषध. लोकांनी पायऱ्या उतरून विहिरीत जाणं सोडावं आणि पाणी फडक्यातून गाळून प्यावं, एवढाच उपाय. महाराष्ट्रातल्या गावोगाव आरोग्य कर्मचारी फिरले, विहिरी बांधून घेतल्या, गाळणी वाटली, रुग्ण शोधून त्याला पाण्यापासून लांब ठेवलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. कोणालाही अटक करावी लागली नाही. नारूचं व्यसन लागत नाही, हा फरक मान्य. पण शतकानुशतकांची पाणी भरायची पद्धत बदलणं काय सोपं होतं? आणि व्यसनाबद्दलही पुरावा आहेच. याच फली मेहतांच्या गटाने केरळ, गुजरात आणि आंध्रातल्या ३६ हजारांवर तंबाखू वापरणाऱ्या गावकऱ्यांशी वर्षानुवर्षं समोरासमोर बोलून काम केलं. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत केरळात सवय सोडणारे आणि कमी करणारे स्पष्टपणे वाढलेले दिसले, तोंडातले कर्करोगपूर्व चट्टे कमी झाले.

तपासणीचा पुरावा तर याहून स्वच्छ आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन बॅटरीच्या उजेडात तोंडं पाहिली, संशयित दिसला की डॉक्टरकडे पाठवलं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. महागडं यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी आहे. पण तिशी ही आपल्या सवयीच्या मानाने फार उशिराची वेळ आहे. आपल्याकडे विशीतल्या पोरांचं तोंड आवळलेलं असतं. ही तपासणी आयटीआयमध्ये, ऊसतोडीच्या फडावर, एसटीच्या आगारात, रिक्षा स्टँडवर का होत नाही? तीन बोटांची चाचणी करायला तर बॅटरीही लागत नाही. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे मला कळतं. म्हणून हे काम फुकटात त्यांच्या गळ्यात मारू नका, दर तपासणीमागे मोबदला ठरवा. ज्याला सोडायचं आहे त्याच्यासाठी तालुक्याच्या रुग्णालयात समुपदेशक आणि निकोटिनच्या गोळ्या ठेवा. महात्मा फुले योजनेतून जबडा काढण्याचे पैसे सरकार भरतंच. तो काढायची वेळ येऊ नये म्हणून काय खर्च होतो, ते अर्थसंकल्पात शोधून पाहावं.

राहता राहिली शाळेसमोरची टपरी. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत त्याची विक्री करणं गुन्हा ठरवलं. त्या कायद्याच्या यादीत पानमसाला आहे, पण तंबाखू असलेला. बिनतंबाखूची सुपारी त्या यादीत नाही. सुगंधित सुपारीला आपल्या राज्याच्या वार्षिक आदेशाने मनाई आहे, साधी भाजकी किंवा कातरलेली सुपारी मात्र दहा वर्षांच्या मुलाने मागितली तर दुकानदार देऊ शकतो आणि कोणताही निरीक्षक त्याला अडवू शकत नाही. गंमत अशी की सुपारी चघळणं आरोग्यास हानिकारक आहे, ही ओळ तिच्या पाकिटावर छापण्याची सक्ती खुद्द सरकारचीच आहे. मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत ती असतेही. पुढच्या अधिवेशनात गुटख्यावर लक्षवेधी येईलच, किती ट्रक पकडले याचे आकडेही येतील. तेव्हा एखाद्या आमदाराने मंत्र्यांना एवढंच विचारावं : जी वस्तू हानिकारक असल्याचं सरकार स्वतः छापायला लावतं, ती अठरा वर्षांखालच्या मुलाला विकायची मुभा कोणत्या कारणाने ठेवली आहे?